खड्डा तू बघितला होतास

तुझ्या बापानं माझ्या बापाला फसवलं, दिगू. त्याची मेंढरं नेली आणि वर त्याला चोर ठरवलं. तो चोर नाही हे ज्याच्या एका शब्दानं सिद्ध झालं असतं, तो तू होतास. हे मी तू गेल्यावर म्हणतोय असं कुणाला वाटू नये. तू जिवंत असताना तुझ्या तोंडावर म्हटलंय, हाताला सलाईन लावलेलं असताना म्हटलंय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी आपल्याकडं रीत आहे. मी चांगलंही बोलणार आहे. पण जनावर दाखवताना आधी त्याची खोड सांगायची, ही माझी बाजारातली रीत आहे. ज्याची खोड आधी सांगितली, त्याच्या गुणावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं.

रविवारी तुझी शोकसभा झाली. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, त्याच माडीवर, जिथं तू जन्मभर दर रविवारी सकाळी अभ्यासवर्ग घेतलास. सतरंज्या त्याच. भिंतीवर तुझे दोन दाढीवाले जर्मन, आणि त्यांच्या शेजारी आता तुझा फोटो. हार घातला नव्हता, कारण घालू नका असं तू सांगून ठेवलं होतंस. दोन खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या एकीवर तुझा थोरला भाऊ अण्णा बसला होता. वर्ग चालू असताना ज्यानं हा जिना कधी चढला नाही, तो माणूस तू गेल्यावर बरोब्बर खुर्चीवर.

चिकलठाण्याच्या कारखान्यातला तुझा तो जुना विद्यार्थी बोलायला उठला. म्हणाला, "सरांनी आम्हाला नफा म्हणजे काय ते मेंढरांवरून शिकवलं. एक होता मालक आणि एक होता मेंढपाळ." आणि त्यानं ती सगळी गोष्ट सांगितली, जशी तू सांगायचास तशी, तुझ्यासारखाच मधे थांबून. लोक माना डोलवत होते. अण्णाही मान डोलवत होता. तिथं माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणालो, "तो 'एक मेंढपाळ' नव्हता. मल्हारी नाव होतं त्याचं. माझा बाप होता."

कुणीतरी मागून माझा सदरा ओढला. "रंगनाथशेठ, आज नको."

आज नको, आज नको म्हणता म्हणताच तू गेलास. सभा संपल्यावर वर्गाची मंडळी म्हणाली, सरांवर छोटा अंक काढतोय, तुम्हाला काय सांगायचंय ते लिहून द्या. मी म्हणालो, देतो, पण छापायचं तर सगळं छापायचं. सौदा ठरला, म्हणून लिहितोय.

अंक वाचणारे बरेचसे शहरातले असतील, तेव्हा अर्धेली काय असते ते सांगायला हवं. ज्याच्याकडं पैसा आहे पण मेंढरांमागं चालायचे पाय नाहीत, तो मेंढ्या विकत घेतो आणि मेंढपाळाच्या स्वाधीन करतो. मेंढपाळ त्या आपल्या कळपात घालतो. ऊन, लांडगा, रोगराई, सगळं त्यानं बघायचं. होतील ती कोकरं दोघांत निम्मी. मूळ मेंढी मालकाचीच राहते. वाटेत ती मेली तर तिचं कानासकट कातडं आणून दाखवायचं, कारण कानावर मालकाच्या खुणेचा काप असतो. कातडं दाखवलं तर ती मेली. नाही दाखवलं तर तू ती विकलीस असं धरायचं, आणि तुझ्यातली भरून द्यायची. कागद नाही, सही नाही. कातडं हीच पावती.

आमचं गाव खुलताबादच्या डोंगरापलीकडं. गावातली चांगली जमीन तुमची, आणि तुमच्या मेंढ्या माझ्या बापाच्या कळपात. शाळेत तू पुढच्या बाकावर, आणि मी आलोच तर मागच्या. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तू हट्ट धरलास की मला मेंढरांबरोबर यायचंय. आबा म्हणजे तुझे वडील परगावी गेले होते. अण्णानं तुला सोडलं, ते यायच्या आत परत ये म्हणून. आम्ही अजिंठ्याच्या बाजूला चरायला निघालो होतो. तू कोकरू खांद्यावर घेऊन चालायचास आणि माझी माय म्हणायची, "मालकाचं लेकरू वाटत नाय बघा, आपल्याच पोटचं वाटतंय."

मग मेंढ्या मरायला लागल्या. सकाळी चरणारी मेंढी दुपारी आडवी, नाकातोंडातून काळं रक्त. कुठल्याशा गावाला निघालेला सरकारी जनावरांचा डॉक्टर रस्त्यानं जाताना थांबला. बघून म्हणाला, "सुरी लावू नका. हा रोग सोलणाऱ्या माणसाला लागतो. खोल पुरा, चुना टाका." बापानं तसंच केलं. तो खड्डा खणत होता, मी आणि तू चुना टाकत होतो. वर दगड रचले तेही आपण दोघांनी. तुझ्या हाताला चुना लागून कातडी सोलवटली, तेव्हा मायनं तुला खोबरेल लावलं होतं. एवढं आठवायला पुरे आहे ना?

माझ्या बापाची एक चूक झाली, आणि असली चूक आमच्याच लोकांकडून होते. त्यानं डॉक्टरला नाव विचारलं नाही. एक ओळ लिहून मागितली नाही. खरं घडलंय, मग अडचण कसली, असं त्याला वाटलं. आणि मनातून त्याला आणखी एक भरवसा होता. मालकाचा लेक स्वतः इथं आहे. त्याच्या लेखी तूच ते कातडं होतास, दिगू.

उन्हाळा सरताना वाटणीसाठी कळप तुमच्या खळ्यात उभा राहिला. आबा बाजेवर बसलेले. तू आणि अण्णा गोठ्याच्या दाराशी.

"कातडी कुठंयत, मल्हारी?"

"पुरली मालक. डॉक्टर म्हनला सोलू नका."

"कोन डॉक्टर?"

"नाव नाय इचारलं."

"मंग मेल्या कशावरनं?"

बापानं तुझ्याकडं बघितलं. "दिगूबाळ व्हते की तितं. त्यास्नीच इचारा."

आबांनी अण्णाकडं मान वळवली. "काय रं? दिगू मेंढरांत गेला व्हता?"

आणि अण्णा म्हणाला, "नाय आबा. दिगू सुट्टीभर घरीच व्हता."

तू खाली बघितलंस. बस, एवढंच केलंस. मेलेल्या मेंढ्यांच्या भरपाईत आमची सगळी कोकरं गेली, आमच्या स्वतःच्या मेंढ्या गेल्या, जो एक नर होता तोही गेला. त्याच वर्षी तुमच्या विहिरीवर नवं इंजिन बसलं. गावात बोललं जाऊ लागलं की मल्हारीनं मालकाच्या मेंढ्या विकून खाल्ल्या. बिरोबाच्या जत्रेत पहिला ढोल धरायचा मान आमच्या घराचा होता. त्या वर्षी पंचांनी तो दुसऱ्या घराला दिला. मेंढरं गेली त्याचं माझ्या बापाला दुःख झालं. पण ढोल गेला त्यानंतर तो गावात राहू शकला नाही. आम्ही तेव्हाच्या औरंगाबादला आलो, पडेगावात झोपडी घातली, आणि जो माणूस जन्मभर मेंढरांमागं चालला तो खडी फोडायला लागला.

मी छावणीच्या बाजारात घुटमळू लागलो. जनावराच्या दातावरून वय, कण्यावर हात फिरवून वजन, आणि मालकाच्या डोळ्यांवरून त्याची नड ओळखायला शिकलो. आज माझ्या दोन गाड्या आहेत, बाजारात लोक शेठ म्हणतात. हे कुणाच्या मेहेरबानीनं झालं नाही. पण फक्त मेहनतीनं झालं असं म्हणालो तर तू माडीवरून हसशील, म्हणून तेही म्हणत नाही.

एका गुरुवारी तू बाजारात माझ्यासमोर येऊन उभा राहिलास. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागला होतास. खांद्याला झोळी, डोळ्यांवर जाड चष्मा.

"रंग्या ना रं तू?"

"मास्तर, बकरू घ्यायचंय का बोकड?"

"मी दिगू."

"माहीत हाय. म्हनूनच इचारतोय. तुमच्या घरचे लोक जनावर फुकट नेत्यात, इकत घेतलेलं बघितलं नव्हतं."

तू रागावला नाहीस. रविवारी ये म्हणालास. मी आलो. का आलो ते तुला शेवटपर्यंत कळलं की नाही कोण जाणे. शिकायला आलो नव्हतो. तू खड्ड्याचं कधी बोलतोस ते ऐकायला आलो होतो.

पहिल्याच वर्गात तू फळ्यावर मेंढी काढलीस. चित्र इतकं वाईट होतं की मागून एक रिक्षावाला म्हणाला, "सर, ये कुत्ता है क्या?" सगळे हसले, तूही हसलास. मग म्हणालास, ही मेंढी मालकाची. तिच्यामागं चालणारे पाय मेंढपाळाचे. कोकरू जन्मतं, जगतं, मोठं होतं ते त्या पायांमुळं. मालक म्हणतो, निम्मं माझं, कारण मेंढी माझी. पण ही मेंढी घ्यायला त्याच्याकडं पैसा आला कुठून? गेल्या वर्षीच्या कोकरांतून. आणि ती कोकरं वाढवली कुणी? म्हणजे मेंढपाळाच्याच कालच्या चालण्यातून आजची मेंढी आली, आणि आज तीच मालक होऊन त्याच्यासमोर उभी राहिली. कारखान्यातलं यंत्र असंच असतं, तू म्हणालास. कामगाराच्या आधीच्या श्रमानं बनलेलं, आणि आता त्याच्यावरच हुकूम चालवणारं. भिंतीवरच्या दोघांनी हे शोधून काढलं, आणि एवढं एक कळलं तर बाकीचं समजायला सोपं जातं.

मी थक्क झालो, खोटं कशाला बोलू. माझ्या बापाच्या पायांचा कुणी कधी असा विचार केला नव्हता. मग तू कातड्याच्या रिवाजावर आलास. मालक कातडं मागतो, मेंढपाळाकडं ते नसतं, आणि सगळा कळप मालकाचा होतो. मी पुढं सरकून बसलो. आता म्हणेल, मी तिथं होतो. तू फडक्यानं फळा पुसलास आणि म्हणालास, "यात मालक वाईट होता असं समजू नका. मालक चांगला असता तरी रीत हीच होती. दोष माणसाचा नाही, माणसं ज्या नात्यात उभी आहेत त्या नात्याचा आहे."

त्यानंतर किती रविवार तीच मेंढी ऐकली. एकदा तू अगदी काठापर्यंत आला होतास. पहिलं भांडवल कुठून येतं, हा विषय होता. लोक समजतात कुणीतरी काटकसर केली, घाम गाळला, आणि पुंजी जमली. तू म्हणालास, तसं नाही. तुझ्या दाढीवाल्यानं जुने दाखले काढून दाखवलंय की पहिली पुंजी हिसकावण्यातून येते. विलायतेत जमीनदारांनी मेंढरांच्या लोकरीसाठी शेतकऱ्यांना कुंपणाबाहेर हाकललं. ज्याच्याकडं स्वतःच्या हातांशिवाय विकायला काही उरलं नाही, तो गिरणीत गेला. मी मागून विचारलं, "सर, आणि आमच्याकडं? आमच्याकडं विहिरीवरचं इंजिन कशातून येतं?" तू चष्मा काढून पुसलास. पुसतच राहिलास. मग कुणीतरी वाळूजच्या कारखान्यातल्या पगाराचं काही विचारलं आणि तू तिकडं वळलास.

त्या रुमालाची गोष्टही लिहितो, कारण त्यात तू हरला होतास आणि ते तू स्वतः वर्गात सांगितलं होतंस. बाजारात सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल, आणि बोटं दाबून भाव ठरतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. सारजाबाई म्हणून एक म्हातारी शेळी विकायला आली होती, तिचा दलाल म्हणून मी एका गिऱ्हाइकाचा हात धरला होता. तू आलास, आणि भर बाजारात रुमाल उचललास. "बघा," म्हणालास, "सगळा व्यवहार असा झाकलेला असतो. मालावर फक्त किंमत दिसते. तो कुणी राबून वाढवला, कुणाला काय मिळालं, ते सगळं कापडाखाली."

गिऱ्हाईक हात झटकून निघून गेलं. मी काही बोलायच्या आत सारजाबाईच तुझ्यावर धावली. "मास्तर, तुमच्या घरच्या बायांच्या अंगावरला पदर बी असाच वढता का? आता समद्या बाजाराला कळलं का मी किती खाली उतरले. मला नड हाय म्हनून उतरले. आता दुसरा याच्यावर एक रुपया देतो व्हय?"

"आजी, मी तुमच्याच बाजूनं बोलतोय."

"बाजूनं बोलू नगा. बाजूला व्हा."

पुढच्या रविवारी तू म्हणालास, "कापडाखाली फसवणूक असते, तशी गरिबाची लाजही असते. मी फसवणूक बघितली, लाज बघितली नाही." हे तुझं मोठेपण. असा माणूस मी दुसरा बघितला नाही, जो हरल्यावर फळ्यापुढं उभा राहून आपली हार समजावून सांगतो. म्हणूनच मला कळत नाही, दिगू. सारजाबाईपुढं झालेली चूक तू आठवड्याच्या आत कबूल केलीस. मग माझ्या बापाची का नाही?

आपली भांडणं काय कमी झाली? तू एकदा विलायतेतल्या एका जुन्या गिरणीमालकाचं सांगितलंस. त्याला आपल्या कामगारांची दया आली, त्यांच्यासाठी चांगली घरं बांधली, पोरांना शाळा काढली, कामाचे तास कमी केले. तू त्याला भाबडा म्हणालास. एकटा मालक चांगला झाल्यानं जग बदलत नाही. मला तो भिंतीवरच्या दोघांपेक्षा आवडला.

"त्यानं निदान सोताच्या गिरनीपासून सुरवात केली," मी म्हणालो. "आनि ह्या दोघांतला एक तर सोता गिरनीवाल्याचा पोरगा. त्याच्या नफ्यावर दुसरा बसून लिवायचा."

"व्हय. आनि ते दोघांनाही माहीत होतं."

"माहीत असून काय उपेग? माहीत तर तुला बी हाय."

वर्गात बाकी कुणाला कळलं नाही. तुला कळलं.

वडील गेल्यावर तू जमिनीतला तुझा हिस्सा सोडलास. वर्गाच्या लोकांना तुझा केवढा अभिमान. सर बोलतात तसं वागतात. मी विचारलं, कुणाला सोडलास? अण्णाला. म्हणजे ज्या विहिरीवर आमच्या मेंढरांचं इंजिन बसलं, तिचं सगळं पाणी एकट्या अण्णाकडं गेलं. सोडून देणं सोपं असतं, दिगू. सोडणाऱ्याचे हात मोकळे होतात. परत देणं अवघड, कारण त्याला ज्याचं होतं त्याच्या दारात जावं लागतं, आणि का देतोय ते तोंडानं बोलावं लागतं.

तूही मला सोडलं नाहीस. मी आता अर्धेलीनं मेंढ्या देतो हे कळल्यावर म्हणालास, "रंग्या, तू आमचा आबा झालास." चहा तसाच ठेवून मी जिना उतरलो होतो. कितीतरी रविवार आलो नाही. परत आलो ते तुला सुनवायलाच.

"मी कातडं मागत न्हाई. मेंढपाळ म्हनला मेली तर मेली. त्याच्या शब्दावर."

"ते तुझ्या मनावर हाय. उद्या तुझा पोरगा मागंल. म्हनून मी मनाचं नाय बोलत, रीतीचं बोलतो."

आज माझा पोरगा मेंढपाळाकडून मेलेल्या मेंढीचा मोबाइलवर फोटो मागतो. कान दिसला पाहिजे म्हणतो. मी त्याच्याशी भांडलो, तर म्हणाला, "दादा, विश्वासाचा प्रश्न नाही. सिस्टम आहे." तुझ्या 'रीती'चाच इंग्रजी शब्द, दिगू, पण त्याच्या तोंडी तो आपली जबाबदारी झटकायला आला. हे तुला सांगायचं होतं. तुझं बरोबर निघालं, आणि तरी मला हरल्यासारखं वाटत नाही. रीत वाईट असते हे मला तू शिकवलंस. पण रीत चालवायला दर वेळी एक माणूस लागतो. कुणीतरी बाजेवर बसून "कातडं कुठंय" असं विचारतो. कुणीतरी शेजारी उभा राहून खोटं बोलतो. आणि कुणीतरी खाली बघतो.

माझा बाप गेला तेव्हा तू आलास. तिरडीला खांदा दिलास, पडेगावपासून स्मशानापर्यंत खांदा बदलू दिला नाहीस. वाटलं, आता बोलशील. राखेपुढं तरी. तू माझ्या मायच्या पाया पडून रडलास आणि गेलास. माय म्हणाली, "त्याला बोलायचंय. पण त्याचं त्वांड पुस्तकानं बांधलंय."

मेंढवाड्यासाठी ठेवलेलं आमचं गायरान प्लॉटवाल्यांनी तारेनं वेढलं, तेव्हा तुझ्यासारखं कुणी उभं राहिलं नाही. उन्हात, म्हाताऱ्या बायांच्या शेजारी, तारेला पाठ लावून बसून राहिलास. अर्ज तू लिहिलेस, अधिकाऱ्यांशी तू बोललास, पोलिसांनी दंड धरून उठवलं ते तुला. आज त्या गायरानाचा जो तुकडा उरलाय त्यावर पोरं मेंढरं चारतात आणि त्यांना तुझं नाव ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी त्या तुकड्यावरून जाताना दर वेळी तुला शिवी देतो आणि दर वेळी तुझे उपकार मानतो.

दवाखान्यात मी शेवटचा आलो तेव्हा दुपार होती. तुझी बायको डबा आणायला खाली गेली होती. तू इतका वाळला होतास की चष्मा नाकावर राहत नव्हता. मी सरळ विचारलं. माझ्या बाजारात आजारी जनावराचाही सौदा होतो.

"दिगू, खड्डा होता का नव्हता?"

"होता."

जन्मभर वाट बघितलेला शब्द इतका लहान असेल असं वाटलं नव्हतं.

"मंग कधी बोलला का नाय?"

तू म्हणालास, "मला वाटायचं, एका मानसाचं नाव घेतलं की लोक त्या मानसावर राग काढून मोकळे होतील, आनि बाकी समदं तसंच राहील."

"आनि नाव नाय घेतलं तर?"

आपला सगळा वाद तिथं अर्धा राहिला. मग तू ते सांगितलंस जे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी खळ्यातून आम्ही गेल्यावर तू अण्णाला धरून रडलास, म्हणालास, चल, आबांना खरं सांगू. अण्णा घाबरला होता. तुला मेंढरांत सोडलं हे आबांना कळलं तर चामडी लोळवतील, म्हणून तो खोटं बोलला होता. तो म्हणाला, "आत्ता नको. मोठा झालो का मीच सांगीन."

म्हणजे लोभानं नव्हे, भीतीनं. मला त्याची कीवही आली. पोरसवदा होता तोही. पण दिगू, भीती आबांबरोबर जळाली. त्यानंतर उरला तो नुसता फायदा.

तू माझा हात धरलास. म्हणालास, "बरा झालो की गावाला येतो. पारावर, पंचांपुढं, तुझ्या मायपुढं सांगतो. अण्णालाही घेऊन येतो." मी म्हणालो, शब्द दे. तू दिलास. त्याच आठवड्यात तू गेलास. मोडलेल्या शब्दाबद्दल मी बाजारात माणसाची गचांडी धरतो. तुझी कुठून धरू?

तू गेलास हे मायला अजून नीट सांगितलेलं नाही. तिला कमी दिसतं, ऐकू चांगलं येतं. दार वाजलं की विचारते, "दिगू आला का?" तिला मेंढरं परत नकोत, विहीर नको, इंजिन नको. मल्हारीनं मेंढ्या विकून खाल्ल्या नाहीत, एवढं एक वाक्य गावाच्या तोंडून ऐकून तिला जायचंय.

तुझ्या दाढीवाल्यांवर माझा राग नाही. त्यांनी जे दाखवलं ते मी रोज बाजारात बघतो, त्यात खोटं काढायला जागा नाही. पण पारावर त्यांनी दाखवलेली व्यवस्था येऊन बसू शकत नाही. तिला तोंड नाही. तोंड असलेला एक माणूस अजून आहे, आणि परवाच्या सभेत तो माझ्या बापाची गोष्ट ऐकून मान डोलवत होता.

अण्णा, हा अंक तुमच्या घरी पोहोचेल. दिगूला दिलेला शब्द तुम्हाला आठवत असणार. येत्या जत्रेला, ढोल वाजायच्या आधी, मी मायला घेऊन पारावर बसतो. तुम्ही या, आणि खड्डा होता का नव्हता ते सांगा. मोठा झालो की सांगीन म्हणाला होतात. तुम्ही केव्हाचे मोठे झालात, अण्णा.